अल्पशा आजाराने, आकस्मिक आणि अतिप्रसंग

गेल्या अंकातल्या एका उत्तरात मी ‘तिला दिवस गेले’ असं लिहिलं. त्यावर एका वाचकाने ‘सरळ गरोदर म्हणायला काय होतं?’ असं खडसावून विचारलं, आणि बघता बघता आडून बोलण्यावरचीच पत्रं जमली. म्हणून या वेळी फक्त तीच. नव्या वाचकांसाठी सांगते, मी एका जिल्हा दैनिकात होते आणि बरीच वर्षं निधनवार्तांचं टेबल माझ्याकडे होतं. त्यामुळे या विषयात माझी मतं जरा ठाम आहेत.

प्रश्न : ताई, माझे सासरे मागच्या महिन्यात वारले. माळकरी होते, पायी वारी कधी चुकवली नाही. पेपरात द्यायच्या मजकुरावरून घरात वाद झाला. दीर म्हणाले ‘वैकुंठवासी’ लिहा, नणंद म्हणाली सगळे ‘कैलासवासी’च लिहितात, आणि आमच्या मुलाने तेवढ्यात ‘स्वर्गीय’ असं टाईप करून पाठवूनही दिलं. बरोबर काय? (मिरज)

माळकरी होते ना, मग ‘वै.’. दीर बरोबर आहेत. विठोबाचा माणूस विष्णूच्या घरी जायचा, कैलास शंकराचा. ‘कै.’ हे पुढे सरसकट झालं, कारण एका अक्षरात काम भागतं आणि छोट्या जाहिरातीत जागेचे पैसे पडतात. मराठी पत्रांत मुसलमान घरांसाठी ‘पैगंबरवासी’ आणि ख्रिस्ती घरांसाठी ‘ख्रिस्तवासी’ असेही शब्द पडले. ज्ञानेश्वरांची समाधी, तुकोबांचं वैकुंठगमन, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण : गेलेला माणूस कुठल्या वाटेने गेला हे आपल्याकडे शब्दावरूनच कळतं. ‘स्वर्गीय’ हिंदीतून आलं आणि त्यात वाट कळत नाही. पण मुलाला रागावू नका. आजोबांसाठी त्याने काहीतरी तातडीने केलं, हेही खरं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी दुसरी ओळ सांगते, कारण खरी गंमत तिथे असते. मरणाच्या कारणाचे आमच्याकडे साचे ठरलेले होते : वृद्धापकाळाने, दीर्घ आजाराने, अल्पशा आजाराने, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने, आकस्मिक. ‘दीर्घ आजार’ म्हणजे बहुतेकदा कॅन्सर. ‘अल्पशा आजारात’ मात्र काय वाटेल ते मावायचं. गावात सगळ्यांना खरं ठाऊक असे, त्यामुळे ती ओळ वाचून फसत कोणीच नव्हतं. घरच्यांना चारचौघांत मान वर करून बसता यावं एवढ्यासाठी ती असायची.

एकदा एक गृहस्थ मुलाच्या निधनाचा फॉर्म घेऊन आले. कारणाची ओळ कोरी. पोलिसांच्या हवाल्याने बातमी दुसऱ्या पानावर आमच्याचकडे लागत होती. मी ‘आकस्मिक निधन’ लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा काढून वाचलं, पुढे ‘अल्पवयात’ घाला म्हणाले, पैसे मोजले आणि पावती खिशात ठेवून गेले. दुसऱ्या पानावरचा मथळा होता ‘तरुणाने जीवनयात्रा संपवली’. त्या दिवसाच्या अंकातला ‘आकस्मिक’ मला आजही मान्य आहे. ‘जीवनयात्रा संपवली’ मुळीच नाही. यात्रा संपते म्हणजे दर्शन होऊन माणूस प्रसाद घेऊन घरी परततो. गळफास घेतलेल्या पोराबद्दल हे लिहिणं म्हणजे त्या गोष्टीला फुलं वाहणं. एका शब्दाने बापाला झाकलं, दुसऱ्याने फक्त मथळा सजवला.

प्रश्न : नववीच्या वर्गात एका धड्याच्या निमित्ताने ‘त्याला पान लागलं’ हा वाक्प्रचार सांगितला. मुलांना हसू आवरेना. साप चावला म्हणायला माणसं घाबरत होती का? (चिपळूण)

हो, घाबरत होती, आणि कोकणात रात्री कंदील घेऊन परसात जाणाऱ्या माणसाने का घाबरू नये? नाव घेतलं की तो येतो, ही समजूत. म्हणून ‘जनावर’, ‘लांबडं’, आणि चावला तर ‘पान लागलं’. रोगांचंही तेच. ज्या रोगाने तोंडावर व्रण उठत, डोळे जात, माणसं मरत, त्याला आपण ‘देवी’ म्हटलं. लस आली तरी नाव तेच, ‘देवी काढल्या’. हिंदुस्थानातली देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला. तेवढा सगळा काळ देवीला देवीच म्हणत होतो.

घरात तर ही यादी संपतच नाही. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा किंवा त्याला निरोप द्यायचा. निघताना ‘जातो’ म्हटलं तर आजी दारातून परत बोलवायची आणि ‘येतो’ म्हणायला लावायची.

मुलं हसली तर हसू द्या. मग विचारा, नापास झालेला दादा घरी काय सांगतो? ‘बॅकलॉग राहिला’, ‘एटीकेटी लागली’. आमच्या वेळी निकालावर ‘वर्गोन्नत’ येई, म्हणजे ढकलला. आता दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘अनुत्तीर्ण’ऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा आला. नववीच्या वर्गाला हे जनावर चांगलं ओळखीचं असणार.

प्रश्न : मी मुंबईत वाढले, तिथेच एमबीबीएस केलं. आता सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात करते आहे. बायका येतात आणि ‘अंगावर जातं’, ‘पिशवीचा त्रास आहे’, ‘मोकळी झाले तेव्हापासून’ असं काय काय सांगतात. निम्मं कळत नाही. एखादी यादी देता का?

डॉक्टर, यादी माझ्यापेक्षा तुमच्या सिस्टरकडे आणि आशाताईंकडे चांगली मिळेल. त्यांना आधी विचारा, त्या खूश होतील. तरी मला ठाऊक असलेलं सांगते.

‘अंगावर जातं’ एवढ्यावर कधी थांबू नका. लाल की पांढरं, हे विचारायचंच. ‘कपडा दिवसातून किती वेळा बदलावा लागतो?’ असं विचारलंत तर उत्तर लगेच मिळेल. ‘रक्तस्राव किती होतो?’ विचारलंत तर बाई सासूकडे बघेल. ‘महिना चुकला’, ‘दिवस गेले’, ‘पोटुशी आहे’ हे एकाच रस्त्यावरचे थांबे. ‘मोकळी झाली’ किंवा ‘सुटका झाली’ म्हणजे बाळंत झाली. ‘पोट पडलं’ आणि ‘पोट पाडलं’ यांत एका कान्याचा फरक आहे आणि बाई अनेकदा दोन्हीला पहिलाच शब्द वापरते. का वापरते, ते तुम्हाला कळायला हवं. पण सगळ्यांसमोर खोदून विचारू नका, पडद्याआड न्या. ‘पिशवी धुतली’ म्हणजे क्युरेटिंग. ‘तांबी’ म्हणजे कॉपर-टी. ‘पाळणा लांबवायचाय’ म्हणजे दुसरं मूल इतक्यात नको. आणि बाईचं नुसतं ‘ऑपरेशन झालंय’ असं कोणी सांगितलं, कशाचं ते सांगितलं नाही, की ते कुटुंबनियोजनाचं असतं. हा शब्दही सरकारने एकदा बदलून पाहिला. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीने ‘नियोजन’ इतकं बदनाम झालं की १९७७ मध्ये खात्याचं नाव ‘कुटुंब कल्याण’ करण्यात आलं. लोकांनी ते पाटीवर वाचलं आणि बोलताना ‘ऑपरेशन’ चालू ठेवलं.

पाळीसाठी शब्द विचाराल तर थकाल. बाहेरची झाली, शिवायची नाही, दूर बसली, अडचण आहे, डेट आली, एमसी आहे. ‘कावळा शिवला’ हा आता म्हाताऱ्या बायकांच्याच तोंडी उरला. मला लहानपणी त्याचं कोडं होतं, कारण दहाव्याच्या दिवशीही सगळी माणसं पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत नदीवर उभी असत. तो शिवला की सगळे सुटल्यासारखे होत, आणि घरी आत्याला शिवला की तिला जेवायला वेगळं पान.

हे सगळे शब्द चालवून घ्या. बाईला तुमच्यासमोर तोंड उघडायचं बळ त्यांनीच मिळतं. माझा राग एकाच शब्दावर आहे आणि तो तुमच्या पत्रात आलाय : पिशवी.

गर्भाशय म्हटलं की तो एक अवयव असतो, त्याला काम असतं, तो काढायचा तर माणूस चार प्रश्न विचारतो. पिशवी रिकामी झाली की टाकायचीच असते. ‘लेकरं झाली ना? मग आता पिशवीचं काय काम? ठेवलीस तर कॅन्सर व्हायचा,’ या तीन वाक्यांवर बीड जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात, त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. एक दिवस काम चुकलं की ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड. पाळीचे दिवस, पाण्याचे हाल, फडाजवळच्या पालांत संडास नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, त्यांत तिशी-पस्तिशीतल्या पुष्कळ. दारिद्र्य, मुकादमाची उचल, खाजगी दवाखान्यांचा लोभ ही कारणं आहेतच. पण इतक्या जणी टेबलावर जाऊन झोपल्या त्यात त्या साध्यासुध्या घरगुती शब्दाचाही हात आहे असं मला वाटतं. तो शब्द डॉक्टरला सोयीचा होता.

तेव्हा बाई ‘पिशवी’ म्हणाली तर म्हणू द्या. तुम्ही उत्तर देताना ‘गर्भाशय’ म्हणा, ‘तुम्ही पिशवी म्हणता ते’ अशी जोड द्या आणि केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवा. अंडाशयंही काढा चित्रात. ती काढली तर पुढे काय होतं हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

प्रश्न : मराठीतलं सर्वांत सुंदर झाकलेलं वाक्य कोणतं? (इंदूर)

पानिपतचं. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर, उत्तरेकडे मदतीला निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत एका सावकारी पत्रातून बातमी कळली : दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने हा मजकूर आपल्या ग्रंथात घेतला आणि तेव्हापासून तो आपल्या तोंडी आहे. यात हळुवारपणा कमी आणि सावकारी सावधगिरी जास्त, हे लक्षात घ्या. पत्र वाटेत कोणाच्या हाती पडलं तर बाजार कोसळायचा. नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. ‘सुंदर’ म्हणताना मला नेहमी त्या ‘खुर्दा’पाशी अडखळायला होतं. खुर्दा म्हणजे साधे शिपाई आणि बाजारबुणगे.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. आमच्या भागातल्या पेपरात ‘अल्पवयीन मुलीवर अतिप्रसंग’ अशी बातमी होती. आत ‘गैरकृत्य’ असा शब्द. आईला विचारलं म्हणजे नक्की काय झालं, तर तिने पेपर घडी करून ठेवला. (लातूर)

बलात्कार झाला. तुला ते कळलंच होतं, आईलाही.

मराठी बातमीदारीने या एका गुन्ह्यासाठी जेवढे आडोसे उभे केले तेवढे दुसऱ्या कशासाठीही केले नाहीत. अतिप्रसंग, गैरकृत्य, गैरवर्तन, अत्याचार, अब्रू लुटली. ‘अतिप्रसंग’ नीट वाच. जणू काही एक प्रसंग होता आणि तो थोडा जास्त झाला. ‘अब्रू लुटली’ त्याहून वाईट, कारण करणारा गुन्हेगार आणि अब्रू मात्र मुलीची गेली.

मऊ शब्द कुठपर्यंत जातो ते बघायचं असेल तर आपल्या राज्यातलाच खटला आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. हा शब्द मी मुद्दाम वापरला, बघ किती सहज सुटला. आरोप बलात्काराचा होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडताना जे घडलं त्याला शांततेत पार पडलेला प्रकार ठरवलं, कारण मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख छापण्यावर बंदी त्याच दुरुस्तीने आली. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे.

म्हणजे कायद्याने नाव झाकायला सांगितलं. कृत्य झाकायला कोणी सांगितलेलं नाही. आमच्या डेस्कवर मात्र उलटं चालायचं : मुलीचं गाव, शाळा, इयत्ता, बापाचा व्यवसाय सगळं छापायचं आणि क्रियापद तेवढं सोवळं ठेवायचं. मी त्यावरून भांडायचे. ‘सकाळी चहाबरोबर पेपर वाचतात लोक,’ हे मला मिळालेलं उत्तर.

प्रश्न : पूर्वीचे कवी सूचक लिहीत, संस्कृतात तर केवढा संयम. आताचे लेखक सगळं उघडं करून ठेवतात. झाकण्यातच कला असते, हे तुम्हाला पटत नाही का? (पुणे, सेवानिवृत्त)

अर्धं पटतं. संस्कृत साहित्यशास्त्राने या गोष्टीचा विचार आपल्यापेक्षा पद्धतशीर केला होता. अश्लील हा काव्यदोष, आणि त्याचे तीन प्रकार : लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगळ सुचवणारं. म्हणजे मरणाचा अभद्र उल्लेखही त्यांच्या हिशेबात अश्लीलच. आमच्या निधनवार्तांच्या टेबलाला हे वर्गीकरण फार उपयोगी पडलं असतं. दंडी हा साहित्यशास्त्रकार तर म्हणतो की थुंकणं, ओकणं असले शब्द लक्षणेने, म्हणजे मूळ अर्थ सोडून आले तर अतिसुंदर, एरवी ग्राम्य.

पण संयम? कालिदासाच्या कुमारसंभवाचा आठवा सर्ग काढून बघा, शिवपार्वतीच्या शृंगाराचा. देवतांच्या संभोगाचं वर्णन म्हणजे आपल्या आईबापांचं वर्णन केल्यासारखं अत्यंत अनुचित, असं मम्मट या साहित्यशास्त्रकाराला पुढे बजावून सांगावं लागलं, ते काही उगाच नाही. आणि सूचकपणा म्हणाल तर आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती आहे. तिथली एक बाई वाटसरूला सांगते : इथे सासू झोपते, इथे मी. दिवसाउजेडी नीट बघून ठेव बाबा. रातांधळा तू, रात्री माझ्या अंथरुणावर येऊन पडशील. आनंदवर्धन या साहित्यशास्त्रकाराने ध्वनीचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून ही गाथा घेतली. शब्दांत नकार आहे, आणि सासूला आक्षेप घ्यायला जागा नाही. इथे झाकणं ही कला आहे, कारण बाई स्वतःच्या मर्जीने झाकते आणि ज्याला कळायचं त्याला पुरतं कळतं.

आता दुसरं झाकणं बघा. १९७० मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ रंगभूमीवर आलं. गर्भपाताच्या प्रसंगात साडीवर लाल डाग होता, त्याला सेन्सॉरची हरकत. दिग्दर्शक श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी घोषणा केली की प्रेक्षकांनी हा निळा डाग लाल समजावा. सेन्सॉरचा हुकूम पाळला आणि त्याची शोभाही झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं टीव्हीवर सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीत निळं पाणी ओतलं जात होतं आणि तिथे कोणी घोषणाही करत नव्हतं. निळ्या पाण्यात तुम्हाला कला दिसते का, ते कळवा.

प्रश्न : तुमच्या सदरात शरीराबद्दलचे प्रश्न कधी दिसत नाहीत. येत नाहीत, की तुम्ही छापत नाही? (नाव दिलेलं नाही)

येतात. आजवर संपादक ते डॉक्टरांच्या सदराकडे पाठवत आणि तिथून ते सहसा परत येत नसत. यावरून माझं त्यांच्याशी बोलणं झालं आहे. मी त्यांना संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांचं उदाहरण दिलं. १९२७ पासून १९५३ मध्ये वारेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, आणि १९३४ मधला त्यांच्यावरचा खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडली. लोक विचारतात तर उत्तर का देऊ नये, हा त्यांचा मुद्दा. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक मात्र चालूच राहिलं.

संपादकांनी मान्य केलंय. पुढच्या अंकापासून असे प्रश्न इथेच येतील, उत्तरं मी आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून देऊ. तुमचा प्रश्न तुम्हाला येतो त्या शब्दांत लिहा, ‘पिशवी’ लिहिलंत तरी चालेल. वय आणि त्रास किती दिवसांचा आहे ते लिहा. नाव नको.